वय ४६, शिकाऊ लायसन्स काढतेय. पाट्या पाठ होईनात, काय करू?

सुई_दोरा (वाई)

नमस्कार मंडळी. मी वाईची. घरी शिवणकाम करते. पाचगणीतल्या दोन-तीन बोर्डिंग शाळांचे गणवेश माझ्याकडे शिवायला असतात. जून आला की गाठोडी घेऊन एसटीने पसरणी घाट चढायचा, मापं घ्यायची, खाली यायचं, शिवायचं, पुन्हा वर जायचं. एका पोराची पँट आखूड झाली तरी एक फेरी. शेवटी मुलगी म्हणाली, आई तू आता स्कूटर घेच. विजेवरची बघून ठेवलीय. चालवायचं मला फारसं भय नाही, लग्नाआधी भावाची लूना पळवलेली आहे. भय आहे ते त्या शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेचं.

मुलीने मोबाईलवर सराव परीक्षा लावून दिली. नियमांचे प्रश्न बरे जातात, डोकं वापरलं की उत्तर येतं. पाट्या आल्या की माझा गोंधळ. निळ्या गोलावर लाल रेघ एक असली तर काय आणि दोन असल्या तर काय? उलटा त्रिकोण म्हणजे पुढे धोका की आणखी काही? हाताच्या खुणांमध्ये डावीकडे वळायचं म्हटल्यावर डावा हात काढते, तर उत्तर चूक दाखवतं. घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर कोणी थांबायचं, यावर घरात दोन मतं आहेत. मिस्टर म्हणतात उतरणाऱ्याची गाडी वेगात असते, त्याला जाऊ द्यायचं.

आणि ते रेल्वे फाटक! आमच्या वाईत रूळ नाही. रेल्वे बघायची तर वाठार नाहीतर सातारा गाठावं लागतं. फाटकाला पहारेकरी आहे, फाटकाला पहारेकरी नाही, दोनशे मीटर, शंभर मीटर... हे मी कुठून लक्षात ठेवू?

शेजारच्या एकाने सल्ला दिला की एजंटाला पैसे दे, परीक्षेला तू नुसती कॅमेऱ्यासमोर बस, बाकी तो बघतो. मला ते पटलं नाही, पण दर वेळी सहा-सात उत्तरं बरोबर येऊन गाडी तिथेच अडते, तेव्हा वाटतं की खरंच द्यावेत का पैसे. अभ्यास कसा करायचा ते कोणी नीट सांगाल का? दहावी झालेय, वाचायचा कंटाळा नाही.


फर्स्ट_गियर (पुणे)

काकू, टेन्शन घेऊ नका. १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. प्रश्नसंच ठरलेला आहे, फिरून फिरून तेच येतात. रोज झोपताना दोन सराव परीक्षा द्या, आठवड्यात पाठ होतं. मी तर अर्थ बघितलाच नव्हता, फोटो आणि उत्तराची जोडी लक्षात ठेवली. झालो पास.


लालगाडी_निवृत्त (बार्शी)

ताई, वरच्या भाच्याचं ऐकू नका. तो पास झाला हे चांगलं, पण जोड्या लावून शिकलेलं महिन्यात पुसतं. मी एसटीत ड्रायव्हर होतो, निवृत्त झालोय. महाबळेश्वरच्या गाडीवर असताना तुमचा पसरणी घाट किती वेळा चढलो-उतरलो त्याचा हिशेब नाही, म्हणून तुमच्याच रस्त्यावरून सांगतो.

पाटी लांबून दिसते तेव्हा डोळ्याला आधी आकार कळतो, मग रंग, आणि आतलं चित्र सगळ्यात शेवटी. तुम्ही मोबाईलवर नेमकं उलटं करताय, चित्रापासून सुरुवात. म्हणून शे-दीडशे चित्रं वेगवेगळी पाठ करायची वेळ आली. आकारावर या. गोल पाटी हुकूम सोडते. गोलाला लाल कडा असेल तर 'हे करू नको' किंवा 'याच्या वर जाऊ नको': हॉर्न बंद, ओव्हरटेक बंद, वेग ४०. पूर्ण निळा गोल आणि आत पांढरा बाण असेल तर 'असंच कर': डावीकडेच वळ, सरळच जा. लाल कडेचा त्रिकोण, टोक वर, हा हुकूम करत नाही, सावध करतो: पुढे वळण आहे, शाळा आहे, दरड पडते, रस्ता निसरडा आहे. आणि निळी चौकोनी पाटी नुसती माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. परीक्षेत पाटी आली की आतलं चित्र बघायच्या आधी मनात म्हणायचं, 'हुकूम', 'सावध' किंवा 'माहिती'. चारातले दोन पर्याय तिथेच गळतात.

या हिशेबात न बसणाऱ्या दोन पाट्या मुद्दाम वेगळ्या केल्यात. आठ कोनांची लाल, ती 'थांबा'. आणि तुमचा उलटा त्रिकोण, टोक खाली, तो 'रस्ता द्या'. दोन्ही हुकूमच आहेत. आकार असा ठेवलाय की पाटीवर चिखल उडाला, रंग उडाला, किंवा तुम्ही मागच्या बाजूने बघितली तरी ओळखू यावी. (आमच्याकडे पाटीवर चिखल कमी आणि वाढदिवसाचे बॅनर जास्त असतात, तो विषय वेगळा.)

आता एक रेघ, दोन रेघा. निळ्या गोलावर एकच तिरपी लाल रेघ म्हणजे 'पार्किंग करू नका'. गाडी लावून निघून जायचं नाही, पण मागे बसलेल्याला उतरवायला क्षणभर थांबलात तर चालतं. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंच नाही, उतरवायलाही नाही. तुम्ही गणवेशाची गाठोडी घेऊन पाचगणीत शाळेच्या फाटकाशी थांबणार, म्हणजे ही पाटी परीक्षेपुरती नाही, तुमच्या रोजच्या कामाची आहे. एका रेघेला गाठोडं उतरवता येईल, फुलीला पुढे जाऊन जागा शोधा.

घाटाचं उत्तर. मिस्टरांना सांगा, चढणाऱ्याला आधी वाट. उतरणाऱ्याने थांबायचं. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत हे लिहिलेलं आहे, पण कागद बाजूला ठेवा आणि कारण बघा. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे येते, क्लच जळतो, मागे दुसरी गाडी चिकटलेली असते. उतरणारा ब्रेकवर थांबतो आणि ब्रेक सोडला की निघतो. पसरणीत बस अवघड वळणावर चढत असताना वरून येणारा मोटारसायकलवाला थांबायचाच नाही, वर हॉर्न वाजवायचा. घाटात आणखी एक वाईट खोड बघितलीय, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणं. तुमच्या विजेच्या गाडीला तो मोह नाही, पण उतारावर वेग आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही, एवढं ध्यानात ठेवा.

हाताच्या खुणा सगळ्या उजव्या हाताने. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचा डावा हात बाहेर कोणाला दिसणार? उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. वेग कमी करायचा तर हात बाहेर, तळवा जमिनीकडे, वर-खाली. थांबायचं तर कोपरातून हात उभा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर हात मागून पुढे अर्धवर्तुळात. वाचून हे बसत नाही. शिवणाच्या खुर्चीवर बसा, उजवीकडे खिडकी आहे असं धरा आणि हात हलवा. घरातले हसतील, हसू द्या.

रेल्वे फाटकाचं सांगतो, कारण तुम्ही रूळ बघितला नाही आणि माझी अर्धी नोकरी रुळांच्या शेजारी गेली. आमच्याकडे बार्शी लाईट होती, कुर्डुवाडीकडे जाणारी छोटी गाडी. पहारा नसलेलं फाटक आलं की बस उभी करायची, कंडक्टर खाली उतरणार, रुळापर्यंत चालत जाणार, दोन्ही बाजूंना बघणार आणि हात करणार. मग बस काढायची. पाऊस असो, रात्र असो, उतरायचं म्हणजे उतरायचं. ही आमची शिस्त नव्हती, मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलमच तसं आहे: बरोबर कंडक्टर, क्लीनर किंवा आणखी कोणी असेल तर त्याने उतरून बघायचं, कोणीच नसेल तर चालवणाऱ्याने स्वतः. परीक्षेत 'पहारा नसलेल्या फाटकाशी काय कराल' असं विचारलं तर हॉर्न वाजवून जाईन, वेग वाढवून जाईन असले पर्याय असतात, ते सोडा. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं २०१९ च्या सुरुवातीला संपवली, त्यामुळे तुम्हाला प्रत्यक्ष भेटणं अवघड, पण प्रश्न अजून आहे.

पाटीत त्रिकोणात इंजिनाचं चित्र असेल तर फाटकाला पहारा नाही. कुंपणासारखं गेट असेल तर पहारा आहे. खाली तिरपे पट्टे दोन असतील तर रूळ २०० मीटरवर, एक असेल तर ५० ते १०० मीटरवर. जवळ जाल तसे पट्टे कमी होतात, एवढंच.


घाई_नाही (चिपळूण)

मी आत्ताच घरून परीक्षा दिली, माझंही वय चाळिशीच्या पुढे आहे, म्हणून थोडं त्या बाजूचं सांगते. काकांनी पाट्या सांगितल्या, पण माझी निम्मी धास्ती कॉम्प्युटरची होती.

चाळिशी ओलांडली की डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १-अ. एमबीबीएस डॉक्टरकडे जा, ते परिवहन खात्याच्या पोर्टलवर चढवतात. आधी डॉक्टर, मग बाकी, नाहीतर अर्ज मध्येच अडकतो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना बघा, ओटीपी त्यावरच येतो. शिकाऊ लायसन्सचे १५० आणि परीक्षेचे ५० रुपये, एका प्रकारच्या गाडीला. अर्ज करताना विजेच्या स्कूटरला 'विनागियर' निवडा. मिस्टरांची मोटारसायकलही पुढे चालवायची असेल तर आत्ताच 'गियरसह' निवडलेलं बरं, त्यात स्कूटर येतेच. पण मग पक्क्या लायसन्सला चाचणी गियरच्या गाडीवर द्यावी लागेल, ते बघून ठरवा.

परीक्षेच्या आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, मधला भाग गाळून पुढे जाता येत नाही. परीक्षा मराठीत देता येते. कॅमेरा चालू असतो आणि चेहरा चौकटीत लागतो. भिंतीला पाठ करून बसा, तोंडावर उजेड घ्या, आणि घरच्यांना सांगून ठेवा. माझ्या सासूबाई 'कुठवर आलं गं' म्हणत मागून डोकावल्या आणि पडद्यावर लगेच सूचना झळकली की दुसरा चेहरा दिसतोय. त्यांना तिथून उठवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात एक प्रश्न हातचा गेला. वेळ प्रश्नागणिक असतो, एकूण नाही, त्यामुळे मागे जाऊन बदलता येत नाही.

आणि हो, नापास झालात तर आभाळ कोसळत नाही. परीक्षेचे पैसे पुन्हा भरून परत बसता येतं.


रोखठोक_एमएच११

एवढा अभ्यास करून करायचं काय? रस्त्यावर कोण पाटी बघतं? मी एजंटाकडूनच काढलं, आज बारा वर्षं गाडी चालवतोय, काही झालं नाही. ताईंना शिवणकाम आहे, वेळ वाचतो तो वाचवावा.


लालगाडी_निवृत्त (बार्शी)

रोखठोक, तुम्ही बारा वर्षं चालवताय त्यात समोरून येणाऱ्यांचाही थोडा हात आहे, असं समजा. त्यांच्यातल्या काहींनी पाट्या वाचल्या असतील.

ताईंचा वेळ वाचत नाही हो. त्या सहा-सात बरोबर आणतायत, म्हणजे दोन-तीन उत्तरांचा प्रश्न आहे. ते दोन दिवसांचं काम. त्यासाठी दुसऱ्याला आपल्या नावाने बटणं दाबू द्यायची? फसवून काढलेलं लायसन्स रद्द करायचा अधिकार कायद्याच्या १९ व्या कलमात आहे, तो भाग आहेच. लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये दंड, तोही आहे. पण मला त्याच्यापेक्षा दुसरी गोष्ट सांगायचीय. त्या प्रश्नसंचात पांढऱ्या काठीचा एक प्रश्न आहे: अंध माणूस पांढरी काठी धरून रस्ता ओलांडत असेल तर काय कराल? उत्तर, ती काठी म्हणजे 'थांबा'ची पाटी समजून गाडी थांबवायची. आता हे एजंटाने तुमच्या वतीने बरोबर लिहिलं. पाचगणीच्या बाजारात म्हातारा काठी टेकत समोर आला तर तुम्हाला कुठून ठाऊक असणार?

प्रश्नसंच भिकार आहे असं मीही म्हणतो. काही प्रश्न लहान पोराला विचारावे असे आहेत, लाल दिवा म्हणजे काय वगैरे. पण मधूनच असा एखादा येतो.


फर्स्ट_गियर (पुणे)

काका, मान्य. एक विचारू का? गोल चौकात, सर्कलला, आधी कोण? मी पाठ केलं होतं की उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. मित्र म्हणतो आत असलेल्याला द्या. सारखा वाद होतो.


लालगाडी_निवृत्त (बार्शी)

मित्र बरोबर. सर्कलमध्ये जो आधीच फिरतोय त्याला वाट द्यायची, २०१७ च्या नियमांत तसं आहे. उजवीकडच्याला वाट द्यायची ती सिग्नल नसलेल्या साध्या चौकात. तसं बघितलं तर सर्कलच्या तोंडाशी उभे राहिलात की आत फिरणारा तुमच्या उजवीकडूनच येतो, म्हणून दोघांची गल्लत होते. चौकात पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर हळू, बघून पुढे. लाल उघडझाप करत असेल तर पूर्ण थांबून, बघून मग पुढे. हे पुण्यात रात्री दिसेल तुला. थांबणारा दिसला तर मला कळव.


सुई_दोरा (वाई)

मंडळी, खूप आभार. काकांनी सांगितलं तसं केलं. परवा पाचगणीला जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि वाई सोडल्यापासून पाटी दिसली की मनात 'हुकूम', 'सावध', 'माहिती' चालू. घाटात बघावं तिकडे त्रिकोणच त्रिकोण. केसात खोचायच्या आकड्यासारखं वळण, त्यात बाणाचं टोक कुठे वळलंय ते बघायचं, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. चढाची पाटी आणि उताराची पाटी मात्र अजून एकसारखी दिसते. सराव परीक्षेत आता अकरा-बारा येतात. हाताच्या खुणा खुर्चीवर बसून केल्या. मिस्टर हसले, मग त्यांनाच डावीकडची विचारली, आली नाही. घाटाचं उत्तर ऐकून ते गप्प आहेत.

चिपळूणच्या ताई, डॉक्टरांकडे सोमवारी जाते.

आता दोन गोष्टी राहिल्या. शिकाऊ लायसन्स आल्यावर मी मुलीच्या पोराला, साडेतीन वर्षांचा आहे, अंगणवाडीत सोडायला मागे बसवू शकते का? आणि ती 'एल'ची पाटी कुठली घ्यायची? दुकानात तीन मापांच्या मिळतात.


लालगाडी_निवृत्त (बार्शी)

नातवाला आत्ता नाही. शिकाऊ असताना दुचाकीवर मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, तोही लायसन्स असलेला. मिस्टर बसतील, नातू नाही. पक्कं लायसन्स आल्यावरही चार वर्षांच्या आतल्या पोराला नुसतं मागे बसवायचं नाही. त्याला चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायचा पट्टा लागतो, त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं आणि गाडी ४० च्या वर न्यायची नाही. चारच्या पुढे गेला की त्याचं स्वतःचं हेल्मेट. तुमचं हेल्मेट तर आहेच, घाटात डोक्यावर, हँडलला अडकवलेलं नाही.

'एल'ची पाटी १८ सेंटीमीटर चौरस, पांढऱ्यावर लाल अक्षर, पुढेही आणि मागेही. दुकानातली लहान असते बरेचदा. तुमच्याकडे कात्री आणि पट्टी आहे, पांढऱ्या रेक्झिनवर लाल रेडियम चिकटवून तुम्हीच करा, दुकानदारापेक्षा सरळ होईल.

चढ-उताराची पाटी डावीकडून उजवीकडे वाचा. रेघ डावीकडून वर जातेय आणि गाडी वर तोंड करून आहे, तर चढ. गाडीचं नाक खाली, तर उतार.

शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने. मिळाल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्यासाठी अर्ज करता येतो. त्या चाचणीला बहुतेक ठिकाणी आठचा आकडा काढायला लावतात, पाय न टेकवता. एखाद्या मोकळ्या मैदानात चुन्याने आठ आखून घ्या. मात्र गाठोडं मागे बांधून एकदा सराव करा. रिकाम्या गाडीवर आठ सगळ्यांनाच जमतो.


सुई_दोरा (वाई)

गाठोडं बांधून? चाचणीला गाठोडं कोण बघतं?


लालगाडी_निवृत्त (बार्शी)

चाचणीला नाही हो. जूनसाठी.